विषय सोडून

ॲडमिन: काका, मी आता नियम लिहूनच टाकणार आहे. आपल्या गटात फक्त पक्षी. वाढदिवस नाहीत, सणांच्या शुभेच्छा नाहीत, क्रिकेट नाही, राजकारण तर नाहीच नाही. तुम्हाला हे रुक्ष वाटेल, पण जूनमधली ती रात्र आठवा. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. आपल्यातल्या एका नव्या मुलाच्या घरात नवरंग शिरला आणि काचेवर आपटून खाली पडला. नवरंग रात्रीचा प्रवास करतो, पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून वर येतो आणि शहरातल्या दिव्यांनी भांबावून असा घरांत सापडतो, हे आपल्यातल्या कितीतरी जणांना तोंडपाठ आहे. काय करायचं तेही ठाऊक आहे. चपलांच्या खोक्याला भोकं पाडायची, तळाशी जुनं फडकं घालायचं, पक्षी आत ठेवून झाकण लावायचं आणि खोकं अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवून द्यायचं. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. त्या मुलाने फोटो टाकून विचारलं, काय करू? नेमकी तेव्हाच गटात कुणाच्या तरी साठीनिमित्त अभिनंदनांची रांग लागली होती. केक, फुलं, जोडलेले हात. त्यात तो प्रश्न कुठल्या कुठे वर गेला. मुलाने घाबरून ड्रॉपरने पाणी पाजलं. सकाळी पक्षी मेलेला होता. मला नियम हवाय तो एवढ्यासाठी.

काका: त्या रात्रीचं मलाही लागून राहिलंय. पण तू त्यातून जो निष्कर्ष काढतेस तो मला पटत नाही. समज, त्या रात्री वाढदिवस नसता आणि कुणीतरी भिगवणला काढलेले रोहितांचे तीस फोटो ओळीने टाकत असतं, तर? प्रश्न तसाच वर गेला असता आणि तुझ्या नियमाप्रमाणे गटात एकही संदेश विषयाबाहेरचा नसता. अडचणीतल्या पक्ष्यासाठी तातडीने माणूस मिळायला हवा, ही वेगळी गरज आहे. चार जाणकारांचे नंबर गटाच्या माहितीत सगळ्यात वर लिहून ठेव, वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लिही, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ते दाखव. एवढ्याने ते काम होईल. त्या नवरंगाच्या नावाने वाढदिवस बंद करू नकोस. वाढदिवस बंद करायचेच असतील तर त्याचं खरं कारण सांग.

ॲडमिन: नंबर आजच लिहिते. आता खरं कारण सांगते. तीस रोहित आणि तीस केक सारखे नाहीत. रोहितांचे फोटो आले की जाणकार माणूस निदान नजर टाकतो, त्यात कदाचित एखादा लहान रोहित ओळखायचा राहिला असेल म्हणून थांबतो. केक आले की तो गट म्यूट करतो. तो भांडत नाही, तक्रार करत नाही, गट सोडूनही जात नाही, कारण सोडलं तर नाव दिसतं आणि लोकांना वाईट वाटतं. तो फक्त बघायचं थांबतो. उडतानाच्या पंखांच्या ठेवणीवरून शिकारी पक्षी सांगणारी, हाकेवरून वटवटे ओळखणारी माणसं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि सगळ्यात आधी जातात तीच. यादीत नावं तशीच राहतात, त्यामुळे आपण काय गमावलं ते कळतही नाही. आणि आणखी एक. दिवसभर हातातल्या फोनवर राजकारण आहे, भाव आहेत, अपघात आहेत, कुणाचं कुणाशी वाजलं ते आहे. फक्त पक्षी असलेली जागा माझ्याकडे ही एकच आहे. डॉ. सालिम अली १९३०च्या सुमारास किहीमला सुगरण पक्ष्याच्या घरट्यांसमोर तासन्‌तास बसले. नर आधी अर्धवट घरटं विणतो, मादीने ते पसंत केलं की पुरं करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं घालायला घेतो, हे त्यांना दिसलं. एका गोष्टीकडे इतका वेळ बघत राहणं हेही एक प्रेम आहे. त्या प्रेमाला जागा हवी, असं मी म्हणते तर त्यात रुक्ष काय आहे?

(हा संवाद लिहिणारा मी इथे मधेच बोलतो. म्यूट करणाऱ्यांचा मुद्दा मला ह्या साऱ्या वादातला सगळ्यात जड मुद्दा वाटतो आणि मोकळ्या गप्पांच्या बाजूचे लोक त्याला सहसा हात घालत नाहीत. जे बोलतात त्यांचा आनंद सगळ्यांना दिसतो. जे गप्प झाले त्यांचं नुकसान मोजायला साधन नाही. काकांनी पुढे जे उत्तर दिलं ते चांगलं आहे, पण ते ह्या मुद्द्याचं उत्तर नाही.)

काका: रुक्ष नाही. तुझं म्हणणं सुंदरच आहे. पण तू ज्या सालिम अलींचं नाव घेतलंस त्यांचं आत्मचरित्र उघड. १९८५ साली आलं. त्यात मोटारसायकलींवर किती मायेने लिहिलंय बघ. १९५० साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या पक्षिशास्त्र परिषदेला जाताना ते आपली सनबीम मोटारसायकल बरोबर घेऊन गेले होते. ती पानं कुणी काढून टाकली असती तर पक्ष्यांची माहिती तेवढीच राहिली असती, माणूस मात्र कमी झाला असता. आणि आपल्या छंदात माणूस कळणं ही चैन नाही, गरज आहे. का ते सांगतो. तुला घुबडाचं घरटं सापडलं, पिलं आहेत. कुणाला सांगशील? उघड सांगितलंस तर आठवड्याभरात तिथे कॅमेऱ्यांची गर्दी होईल, कुणी फोनवर हाक वाजवून पक्ष्याला बाहेर काढेल, कुणी आड येणारी फांदी तोडेल. म्हणून तू ते एक-दोघांनाच सांगतेस. ते एक-दोघे कसे निवडतेस? त्यांच्या पक्ष्यांच्या यादीवरून नाही. लांबलचक यादी असलेल्या माणसानेच घरट्याजवळ उच्छाद मांडलेला आपण पाहिलाय. तू निवडतेस ते तो माणूस आजारी आईबद्दल कसा बोलला, नव्या माणसाने चूक केली तेव्हा त्याला कसं सांभाळून घेतलं, कुणाच्या घरी दुःख झालं तेव्हा चार ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या का नुसतंच आलेलं चित्र पुढे ढकललं, ह्यावरून. हे सगळं तुझ्या नियमाप्रमाणे विषयाबाहेरचं. ते काढून टाकलंस तर तुझ्याकडे अचूक माहिती देणारे हजार लोक उरतील आणि घरट्याची जागा ज्याला सांगावी असा एकही नाही.

ॲडमिन: हे मला मान्य करावंच लागेल. पण मोटारसायकलीचं उदाहरण नको. पुस्तक वाचायला आपण आपल्या सवडीने बसतो. गट खिशात वाजतो, आपण कामात असलो तरी. आणि विश्वास गटातल्या गप्पांतूनच जमतो हे कशावरून? पहाटेच्या गाडीत, तळ्याच्या बांधावर, डब्यातली पोळी वाटून खाताना जमतो. त्या गप्पांना मी कधी नियम लावलाय का?

काका: जी पहाटे येऊ शकते तिचंच म्हणणं झालं हे. जी येऊ शकत नाही तिचं काय? आपल्या गटात एक बाई आहेत, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्या घर सोडू शकत नाहीत. मोठा कॅमेरा नाही, इंग्रजी नावं येत नाहीत. कितीतरी महिने त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. मग एकदा गप्पा कुठून तरी उंबराच्या लोणच्यावर गेल्या. तेव्हा तू कपाळाला हात लावला असशील. त्या लोणच्याच्या गप्पांत त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं: आमच्या दारचा उंबर पिकला की हिरवी कबुतरं येतात, पाय पिवळे असतात, पानांत बसली की दिसतच नाहीत, फळं खाली पडायला लागली म्हणजे समजायचं. हरियाल! आपल्या राज्याचा पक्षी. कोणत्या महिन्यात पिकतो, किती दिवस येतात, तांबट त्यांच्या आधी येतो का नंतर, सगळं त्यांना ठाऊक होतं. ‘पक्ष्यांबद्दल बोला’ म्हटलं असतं तर त्या कधीच बोलल्या नसत्या. आपल्याला पक्ष्यांबद्दल काही येतं असं त्यांना वाटतच नव्हतं.

ॲडमिन: त्या नोंदी मी जपून ठेवल्यात. पण काका, एक हरियाल यावा म्हणून किती लोणची सोसायची? तुम्ही नेहमी जे हाती लागलं तेवढंच सांगता. ज्या शंभर गप्पांतून काहीच निघालं नाही त्या कुणी लक्षात ठेवत नाही.

काका: बरोबर आहे. पण कशातून काय निघेल हे आधी सांगता येत नाही, हाच तर माझा मुद्दा आहे. गिधाडांचं घे. १९९०नंतर ती अशी नाहीशी व्हायला लागली की पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत शंभरातली एकसुद्धा उरली नाहीत. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, झाडं तोडली म्हणून असेल, सगळे तर्क झाले. कारण सापडलं ते गुरांच्या दवाखान्यात. डायक्लोफेनॅक. दुखण्यावर, सुजेवर जनावराला टोचायचं स्वस्त औषध. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४ साली हे शोधनिबंधातून सिद्ध झालं, २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आता मला सांग, १९९८ साली एखाद्या पक्षिमित्रांच्या गटात कुणी लिहिलं असतं, ‘आमच्या गावात हल्ली बैल लंगडला की एक नवीन इंजेक्शन देतात, लगेच उभा राहतो,’ तर तू ते ठेवलं असतंस का काढलं असतंस?

ॲडमिन: काढलं असतं. आणि तरीही माझी बाजू सोडणार नाही, कारण ते कारण गप्पांतून सापडलं नाही. मेलेली गिधाडं गोळा करून, फाडून, एकेक शक्यता बाजूला सारत सापडलं. तुमच्या गिधाडांना मी रानपिंगळ्याने उत्तर देते. आपल्या मातीतला पक्षी. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. मधे १९१४ सालचा एक नमुना होता, मेनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने गुजरातेत मिळाला म्हणून सांगितलेला. पामेला रासमुसेन ह्यांनी तो तपासला आणि तो दुसऱ्याच्या संग्रहातला जुना नमुना चोरून, नवी चिठ्ठी लावलेला आहे हे दाखवलं. खोटी जागा यादीतून गेली, शोध खऱ्या जुन्या जागांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. चोरी, चिठ्ठ्या, एका अधिकाऱ्याची लबाडी. तुम्ही म्हणाल, बघ, हे सगळं विषयाबाहेरचं. मी म्हणते, ह्यातलं एकही पाऊल त्या पक्ष्याला सोडून पडलं नाही. मला तेवढंच हवंय. बैलाचं इंजेक्शन आणा, उंबराचं लोणचं आणा, पण ते पक्ष्याशी कुठे येऊन मिळतं हे एका वाक्यात सांगा. जो आणतो त्याने ती गाठ मारून आणावी. ती गाठ शोधायचं काम बाकीच्या हजार जणांवर टाकू नये.

काका: हा नियम तुझ्या आधीच्या नियमापेक्षा खूप बरा आहे. पण उंबरवाल्या बाई त्यात नापास होतात. त्यांना गाठ माहीतच नव्हती, ती आपण मारली. आणि उलट बाजूने बघ. रोज सकाळी कुणीतरी रंगीत मकावचं चित्र आणि खाली सुविचार टाकतं. पक्षी आहे. विषयात चोख बसतो. मागच्या वर्षी आपल्यातले एक गेले, ज्यांनी निम्म्या गटाला दुर्बीण धरायला शिकवली, त्यांच्या निधनाची बातमी आली. त्यात पक्षी नव्हता. तुझ्या नियमात मकाव राहतो आणि ती बातमी जाते. म्हणजे विषय ही खूणच चुकीची आहे. मला विचारशील तर खूण वेगळी आहे: सांगणारा आपल्याशी बोलतोय का? मकावचं चित्र कुणाशीच बोलत नाही. ते वीस गटांत एकाच वेळी गेलेलं असतं. निधनाची बातमी आपल्याशी बोलते. लोणच्याची कृतीसुद्धा आपल्याशीच बोलते.

ॲडमिन: मग वाढदिवसाच्या शुभेच्छाही आपल्याशीच बोलतात. तीनशे वेळा.

काका: तिथे मी अडतो, खरं आहे. एकाने सगळ्यांच्या वतीने लिहावं, बाकीच्यांनी त्या माणसाला स्वतंत्र फोन करावा. तेवढी शिस्त मला चालेल. नाहीतर गप्पांसाठी वेगळा कट्टा काढ.

ॲडमिन: काढून पाहिला की. ज्यांना गप्पा मारायच्या होत्या ते तिथे गेले, मैत्र्याही तिथेच गेल्या आणि मुख्य गटात नुसत्या याद्या उरल्या. ह्या बाबतीत तुमचंच खरं ठरलं. पण तुमची खूण मला नियम म्हणून वापरता येत नाही. ‘हा आपल्याशी बोलतोय का’ हे ठरवणार कोण? मीच. रोज, कामावरून घरी येताना, एका हाताने लोकलचा दांडा धरून. एकाचं काढलं की तो विचारतो, मग त्याचं का ठेवलं? लिहिलेला नियम वाईट असला तरी मला त्याच्याकडे बोट दाखवता येतं. तुमच्या खुणेत बोट माझ्याकडेच येतं.

काका: बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं जर्नल १८८६ पासून निघतंय. त्यात मोठ्या शोधनिबंधांबरोबर फुटकळ नोंदींचं सदर आहे. कुठल्या तरी चहामळ्यातल्या माणसाने, रेल्वेतल्या माणसाने सहज पाहिलेलं काहीतरी. आज त्या नोंदी जुना काळ समजून घ्यायला सोन्याच्या मोलाच्या आहेत. फुटकळ म्हणून कुणी त्या फेकल्या नाहीत, त्यांना जागा दिली.

ॲडमिन: आणि त्या सदराला संपादक होता, काका. तो निवडत होता, कापत होता, पत्र लिहून आणखी विचारत होता. तुम्ही मला जर्नलचा मोकळेपणा सांगता आणि संपादकाचं काम गृहीत धरता. आपल्याकडे ते काम मी करते, फुकट करते आणि मला ते करायचा अधिकार कुणी दिला हेही स्पष्ट नाही. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. कायद्याने मी सुटले. पण रात्री अकरा वाजता ‘तुमच्या गटात हे काय चाललंय’ असा फोन मलाच येतो.

काका: ह्यात तू मला पकडलंस. मोकळेपणाचा खर्च कुणीतरी भरतं आणि भरणारी तू आहेस. मग आम्ही चार जण मिळून भरू. एकेक महिना वाटून घेऊ. एकाच्या महिन्यात गट जरा मोकळा असेल, दुसऱ्याच्या महिन्यात जरा आवळलेला. त्याने फार बिघडेल असं मला वाटत नाही.

ॲडमिन: वाटून घेऊ. पण मग आज सकाळी आलेल्या संदेशाचं सांगा, कारण तो तुमच्याच वाट्याला पहिल्यांदा येईल. शहराबाहेरच्या त्या तलावात भराव पडतोय. आपल्या एका सभासदाने तीन हिवाळ्यांची मोजणी दिलीय, शेकाटे किती, चक्रवाक किती, तुतारी किती, तारखांसकट. इतकं नेटकं काम आपल्या गटात फार थोडे करतात. आणि शेवटची ओळ: येत्या निवडणुकीत अमुक पक्षाला धडा शिकवा. ‘राजकारण नको’ म्हटलं तर तो अख्खा संदेश जातो.

काका: अजिबात काढू नकोस. ‘राजकारण नको’ ह्या नियमाने सगळ्यात आधी तलावच मरतात. ठाणे खाडीला २०१५ साली रोहितांचं अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला, तो काय फोटो काढून मिळाला? माळढोक विजेच्या तारांवर आपटून मरतात तेव्हा तारा कुठून न्यायच्या हे पक्षी ठरवत नाहीत. भराव कोण घालतं आणि परवानगी कोण देतं हे बोलायचं नसेल तर तलावावरचे पक्षी मोजायचे कशाला?

ॲडमिन: भरावाबद्दल बोलू द्या, परवानगीबद्दलही बोलू द्या. मी शेवटच्या ओळीबद्दल विचारतेय. फोनवर मला दुसऱ्याच्या संदेशातली एक ओळ कापता येत नाही. ठेवायचा तर पूर्ण, काढायचा तर पूर्ण. ठेवला तर उद्या दुसऱ्या पक्षाचा माणूस वर दोन बगळे आणि खाली प्रचार लिहून आणेल आणि त्याला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

काका: त्याची मोजणी खरी असेल तर त्याचाही ठेवायचा.

ॲडमिन: खरी आहे हे कोण बघणार?

काका: रविवारी जाऊन मोजू. दोघांच्याही जागा मोजू.

ॲडमिन: मोजणी जुळली तरी ती ओळ तिथेच राहते, काका.

काका: मी ओळीसकट ठेवीन. आपल्या लोकांना ती ओळ बाजूला ठेवून आकडे वाचता येतात एवढा माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

ॲडमिन: मी काढीन आणि त्याला फोन करून सांगेन, शेवटची ओळ सोडून पुन्हा टाक. तो हट्टी आहे, कदाचित टाकणारच नाही. मग त्या तलावाचे तीन हिवाळे आपल्या गटातून जातील, हेही मला दिसतंय. तरी मी काढीन.